शहाजीराजांची दोन शहरं: पुणे, बंगळुरू आणि भाचीचा प्रश्न

थोडी मोठी पोस्ट आहे. चहा घेऊन बसा.

दिवाळीत ताईकडे फराळाला गेलो होतो. भाची बंगळुरूहून आली होती. दोन वर्षं झाली तिला तिथे, सॉफ्टवेअरमध्ये आहे. आता तिला हिंजवडीतून ऑफर आलीय, पण पगार तिथल्यापेक्षा कमी. दाजी म्हणाले, "ये परत. निदान घरचं जेवशील." ताई म्हणाली, "जेवेल कधी? हिंजवडीहून येईपर्यंत दहा वाजणार." मग चर्चा नेहमीच्या वळणावर गेली. "इन्फोसिस मुळात पुण्याची, आपण घालवली," हे वाक्य कुणीतरी टाकलंच. मग बंगलोरचं हवामान, पुण्याची मिसळ, तिथली भाडी, इथली पाटी, सगळं झालं.

शेवटी भाची वैतागून म्हणाली, "मामा, तू सारखा इतिहासाची पुस्तकं वाचत असतोस ना? मग सरळ सांग, कुठलं शहर बरं?"

मला तिथे काही सरळ सांगता आलं नाही. चिवडा खात बसलो. घरी आल्यावर मात्र डोक्यात तेच फिरत राहिलं, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात थोडी लांबून करतो. ही दोन्ही शहरं एकेकाळी एकाच माणसाच्या जहागिरीत होती, हे अनेकांना माहीत नसतं. पुणे-सुपे हा शहाजीराजांचा मुलूख आपल्याला शाळेपासून पाठ असतो. पण १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेनं, रणदुल्लाखान आणि शहाजीराजांच्या नेतृत्वाखाली, केंपेगौडाच्या वंशजांकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांकडे आलं. राजांनी मुक्काम तिथेच ठेवला. इकडे उद्ध्वस्त झालेलं पुणे जिजाऊंच्या आणि बाल शिवाजीराजांच्या काळात पुन्हा वसवलं गेलं. थोडक्यात, १६४० च्या आसपास बंगळूर हे राजांच्या बिऱ्हाडाचं शहर होतं आणि पुणे हे नव्यानं मांडलेलं गाव.

पुढे बंगळूर एकोजीराजांकडे गेलं. त्यांचं लक्ष तंजावरकडे होतं, म्हणून त्यांनी ते विकायला काढलं. सौदा पुरा होण्याआधी, १६८७ मध्ये, मुघलांनी ते घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाख रुपयांना दिलं. अख्खं शहर तीन लाखांत! आज तेवढ्यात इंदिरानगरमध्ये पार्किंगची जागासुद्धा मिळणार नाही.

हा सौदा मला महत्त्वाचा वाटतो. त्या दिवसापासून बंगळूरच्या पाठीशी म्हैसूर राज्य आलं. मधे हैदर-टिपू झाले, इंग्रज आले, पण संस्थान टिकलं. पुण्याचं उलटं झालं. पेशवाईत शंभर वर्षं हिंदुस्थानचं राजकारण इथून चाललं आणि १८१८ नंतर राज्यच गेलं. राजधानी मुंबई झाली. पुण्याकडे उरला कॅम्प, पावसाळ्यातला गव्हर्नर आणि जुन्या वैभवाच्या गोष्टी. लष्कराची छावणी बंगळूरलाही होती, १८०९ पासून. पण तिथे छावणीच्या शेजारी एक स्वतःचं, स्वतःच्या तिजोरीचं सरकार होतं.

याचा फरक प्लेगच्या वेळी दिसतो. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, १८९८ मध्ये बंगळूरमध्ये. पुण्याचा प्लेग म्हटलं की आपल्याला रँड आणि चापेकर बंधू आठवतात, आणि आठवायलाच हवेत. परकं सरकार घरात घुसून सोवळंओवळं तुडवत होतं. बंगळूरचा प्लेग म्हटलं की तिथले लोक बसवनगुडी आणि मल्लेश्वरम सांगतात. गर्दीच्या पेठांतून लोकांना बाहेर काढायला आखून, रुंद रस्ते सोडून वसवलेल्या या वस्त्या. आज तिथली सगळ्यात हवीहवीशी घरं याच भागांत आहेत. म्हैसूर संस्थान पुरोगामी होतं म्हणून तिथे प्लेग सुखाचा गेला असं मी म्हणत नाही, लोक तिथेही मेले. पण संकटानंतर शहर आखायला कुणाकडे तरी पैसा आणि अधिकार होता.

पुढच्या पन्नास वर्षांत हेच पुन्हा पुन्हा दिसतं. कावेरीवरच्या शिवनसमुद्रला १९०२ मध्ये वीज तयार झाली ती कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. १९०५ मध्ये तीच वीज बंगळूरच्या रस्त्यांवर आली. जमशेटजी टाटांना विज्ञानाची मोठी संस्था काढायची होती. म्हैसूर संस्थाननं ३७१ एकर जमीन दिली आणि १९०९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स बंगळूरला झाली. टाटांचं सगळं बस्तान मुंबईत, संस्था मात्र तिकडे.

आणि विश्वेश्वरय्या! त्यांचं इंजिनिअरिंग पुण्याचं, म्हणजे आजच्या सीओईपीचं. नोकरी मुंबई इलाख्याची. पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारी त्यांची दारं १९०३ मध्ये बसली ती आपल्या खडकवासल्याला. मग १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण झाले आणि उद्योग, बँक, विद्यापीठ असा धडाका लावला. इथे ते इंजिनिअर होते, तिथे राज्य चालवणारे झाले. माणूस तोच.

असंच आपले सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांना विमानाचा कारखाना काढायचा होता. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जमीन दिली, भांडवलातही वाटा उचलला. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. दोन वर्षांत ती सरकारच्या ताब्यात गेली आणि तीच पुढे एचएएल झाली.

मग पुणे काय करत होतं? पुणे वर्गणी काढत होतं. हे मी टिंगलीनं म्हणत नाही. राज्य नसलेल्या गावानं काय करायचं, याचं पुण्यानं दिलेलं उत्तर फार मोठं आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४, फर्ग्युसन १८८५, हिंगण्याचा कर्व्यांचा आश्रम, भांडारकर संस्था १९१७. सरकारी तिजोरी नसताना लोकांनी खिशातून उभं केलेलं हे शहर आहे. नंतर कारखाने आले तेही बरेचसे खासगी. १९६२ मध्ये एमआयडीसी झाली आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीचा पट्टा फुलला. टेल्को, बजाज, भारत फोर्ज, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप्स. अशाच एका भोसरीच्या कारखान्यात मी तीस वर्षं काढली.

सरकारी काहीच मिळालं नाही असंही नाही. एनसीएल, पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, खडकीचे लष्करी कारखाने, पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळा, सगळं इथे आहे. पण बंगळूरला जे आलं ते एका विशिष्ट जातीचं होतं: १९४८ मध्ये आयटीआय (टेलिफोनवाली), १९५३ मध्ये एचएमटी, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स, मग एरोनॉटिक्सची प्रयोगशाळा, पुढे इस्रोचं मुख्यालय. इलेक्ट्रॉनिक्स, रेडिओ, रडार, विमान. आपल्याकडे गिअर, क्रँकशाफ्ट, स्कूटर. दोन्ही कामं अवघडच. फक्त जगाचा पैसा पुढे कुठल्या बाजूला वळणार हे १९५४ मध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

१९८६ मध्ये कारखान्याच्या कामासाठी मी पहिल्यांदा बंगलोरला गेलो. एचएमटीतून एक मशीन घ्यायचं होतं. जळहळ्ळीला दिवसभर थांबलो. आठवतं ते असं, की लॉजच्या खोलीत पंखा नव्हता आणि गरजही नव्हती. संध्याकाळी सातनंतर रस्ते शांत. झाडंच झाडं. तिथला इंजिनिअर म्हणाला होता, हे पेन्शनरांचं गाव आहे. मी म्हटलं, आमचं पुणंही तसंच. दोघेही हसलो. दोन पेन्शनरांच्या गावांचं पुढे काय होणार होतं, याची आम्हाला सुतराम कल्पना नव्हती.

आता इन्फोसिसकडे येऊ. १९८१ मध्ये सात जणांनी पुण्यात कंपनी काढली. सुधा मूर्तींनी दिलेले दहा हजार रुपये हे भांडवल, हे सगळ्यांना माहीत आहे. १९८३ मध्ये कंपनी बंगळूरला गेली, कारण तिथल्या मायको या कारखान्याचं काम मिळालं होतं. तेव्हा ती मूठभर माणसांची फर्म होती. कुणी घालवली नाही, कुणी अडवलीही नाही. गिऱ्हाईक जिथे, तिथे दुकान गेलं.

आणखी एक उदाहरण. विप्रोची सुरुवात १९४५ ची, आपल्या खान्देशातल्या अमळनेरची, वनस्पती तुपाची. १९८० च्या सुमारास संगणकाच्या धंद्यात उतरताना त्यांनी बंगळूर निवडलं. का? कारण भारत इलेक्ट्रॉनिक्स, एचएएल, आयटीआय आणि टाटांच्या त्या संस्थेमुळे इलेक्ट्रॉनिक्स कळणारी माणसं तिथे तयार होती. त्यात कर्नाटकात खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं आपल्या आधी निघाली. डोनेशन भरून तिकडे गेलेली मुलं माझ्या पिढीत घरोघरी सापडतील. महाराष्ट्रात वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली ती १९८३ मध्ये. म्हणजे इन्फोसिस गेली त्याच वर्षी. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली तीही बंगळूरला.

तरी शर्यत संपली नव्हती. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क सुरू झाले तेव्हा पहिल्या तीन शहरांत बंगळूर होतं, भुवनेश्वर होतं आणि पुणेही होतं. १९८८ मध्ये सी-डॅक पुण्यात आली, १९९१ मध्ये 'परम' महासंगणक इथे तयार झाला. पर्सिस्टंट १९९० पासून इथलीच. पुढे हिंजवडी झाली आणि इन्फोसिस, विप्रो यांनी इथेही भलीमोठी संकुलं बांधली. गेलेली मंडळी परत आली म्हणायची, पण शाखा म्हणून.

शाखा आणि मुख्यालय यांत श्रीमंतीचं निम्मं गणित आहे. शाखेतून पगार येतो. मुख्यालयाच्या गावात मालकी राहते, शेअर राहतात, निर्णय राहतात, आणि त्या पैशातून पुढच्या कंपन्या निघतात. अमळनेरचंच बघा. विप्रोचा मोठा कारभार गावातून गेला, पण ज्या घरांनी जुने शेअर धरून ठेवले ती कोट्यधीश झाली. बंगळूरमध्ये हे शहरभर झालं. इन्फोसिसच्या शेअरवर घरं झाली, त्या पिढीनं पुढच्यांत पैसे घातले, २००७ मध्ये फ्लिपकार्ट निघाली, मग त्यातून बाहेर पडलेल्यांनी आणखी काही काढलं.

म्हणून आज आकडे काय म्हणतात? कर्नाटकच्या उत्पन्नाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग एकट्या बंगळुरू शहर जिल्ह्यातून येतो. त्या जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न पुणे जिल्ह्याच्या दुपटीच्या आसपास आहे. पण थांबा, लगेच कपाळावर हात मारू नका. बंगळुरू शहर जिल्हा म्हणजे जवळजवळ सगळं शहरच. पुणे जिल्ह्यात भोर आहे, वेल्हे आहे, जुन्नर-आंबेगावचा डोंगराळ भाग आहे. नुसतं शहर शहराशी लावलं तर अंतर कमी होईल. उलटणार मात्र नाही. पैशात बंगळुरू पुढे आहे हे मान्य करून टाकू.

आता राहण्याचं काय? केंद्र सरकारनं राहण्याजोग्या शहरांची यादी काढली, २०१८ मध्ये. पुणे पहिलं, बंगळुरू अठ्ठावन्नावं. आपण पेढे वाटले. पुढची यादी २०२१ मध्ये आली. बंगळुरू पहिलं, पुणे दुसरं. तीन वर्षांत सत्तावन्न पायऱ्या! एवढ्यात माणसाचं वजन बदलत नाही, शहर काय बदलणार? मोजायची पट्टी बदलली होती, एवढंच.

टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक यादीत बंगळुरू जगात तिसरं आणि पुणे चौथं. दहा किलोमीटर जायला तिथे ३४ मिनिटं, इथे ३३. ज्या एका मिनिटावर आपण भांडतोय ते हे.

पाण्याचं मात्र नीट बघा, कारण इथे पुण्याचं नशीब खरंच थोर आहे. बंगळुरू ९०० मीटरवर आहे आणि त्याला मोठी नदी नाही. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, पंपांनी वर चढवून आणावं लागतं. पूर्वी तिथे तलावांची साखळी होती. त्यातला धर्मांबुधी तलाव म्हणजे आजचा मॅजेस्टिकचा बस स्टँड. संपंगी तलावाच्या जागी कंठीरवा स्टेडियम. बेळ्ळंदूरच्या तलावात सांडपाणी इतकं सोडलं की त्याच्या फेसाला आग लागली. पाणी जळताना जगानं पाहिलं. २०२४ च्या मार्चमध्ये बोअर आटल्या आणि पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर पाच हजार दंड लागला. भाची तेव्हा तिथेच होती. सोसायटीत बादल्या मोजून मिळत होत्या, ऑफिसमध्ये जाऊन आंघोळ करायची असं ती हसत हसत सांगत होती. पगार तोच होता.

पुण्याला चार धरणं, तीही वरच्या अंगाला. पाणी उतारानं येतं. एवढं असून बाणेर, वाघोलीच्या सोसायट्या टँकरवर आहेत. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, म्हणजे अगदी धरणाच्या पायथ्याशी, गुलेन बॅरे सिंड्रोमची साथ आली आणि तपासाचं बोट पाण्याकडे गेलं. ओढ्यांचंही तेच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं माणसं नेली. बंगळूरनं तलाव बुजवले, आपण ओढे दाबले. त्यांच्याकडे पाणी नव्हतं म्हणून हाल, आपल्याकडे आहे तरी हाल.

आणि हे विचारायचं कुणाला? बंगळुरू महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, पुण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ दोन्हीकडे निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासकांचा कारभार. देशातल्या सगळ्यात शिकलेल्या दोन शहरांत नळाला पाणी नाही म्हणून धरायला नगरसेवकाचा शर्ट नव्हता. आणि आपण कंपनी कुठे गेली यावर भांडतोय.

एवढं सगळं वाचून, आठवून माझ्यापुरतं मी एक ठरवलंय. कंपनी उचलून नेता येते. इन्फोसिस गेली, विप्रो गेली, उद्या बंगळूरहूनही कुणी हैदराबादला जाईल. त्यात रडण्यासारखं काही नाही. उचलून नेता येत नाही ते धरण, टेकडी, ओढा, कॉलेज, मल्लेश्वरमचा रुंद रस्ता. बंगळूरला पैसा मिळाला तो एका राज्यानं शंभर वर्षांपूर्वी वीज, जमीन आणि शाळेवर केलेल्या खर्चामुळे. पुण्याची ओढ आहे ती लोकांनी वर्गणीनं उभारलेल्या संस्थांमुळे आणि वरच्या पाण्यामुळे. दोन्ही शहरं आज आजोबांच्या ठेवीवर जगतायत. बंगळूरनं व्याज जास्त कमावलं, पण मुद्दलही जास्त खाल्लं. आपल्याला त्यांच्याकडे बघून शहाणं व्हायला थोडा वेळ आहे. वेताळ टेकडी अजून आहे. धरणं अजून भरतायत. ओढे नकाशावर तरी आहेत.

परवा भाचीला फोन करून हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे मामा, तुलाही नक्की सांगता येत नाहीये."

मी म्हटलं, "बाई गं, नोकरी कुठली घ्यायची ते तू ठरव, पगार तुझा आहे. फक्त घर भाड्यानं घेताना दोन प्रश्न विचार: नळाला पाणी कुठून येतं, आणि पाऊस पडला की ते कुठे जातं. दोन्हीचं उत्तर मिळालं तर शहर बरं."

ती म्हणाली, "हे मी हिंजवडीच्या ब्रोकरला विचारलं तर तो फोन ठेवून देईल."

खरं आहे. आता माझा प्रश्न तुम्हाला. तुम्ही जिथे राहता तिथलं पाणी कुठून येतं आणि घराजवळचा ओढा आज कुठे आहे, हे ठाऊक आहे का? माहीत असेल तर खाली लिहा. बंगळुरूत राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिकडचंही लिहा. भाचीनं महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतलीय, तिला वाचायला देतो.